मोकळं नाही

सुशांत बारलिंगे नागपूरहून अमेरिकेत आला तेव्हा त्याला साधी मारुतीसुद्धा चालवता येत नव्हती. सत्तावीस वर्षांनंतर, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी, तो अलाबामातल्या हॅचर्स गॅप स्पीडवेच्या मुख्य स्टँडच्या छपरावर उभा होता. कानांवर हेडसेट, गळ्यात दुर्बीण, मुठीत रेडिओचं बटण. खाली अडीच मैलांचा अंडाकृती ट्रॅक होता, वळणांवर इतका कललेला की माणूस चालत चढू गेला तर हात टेकावे लागतील. त्यावर छत्तीस गाड्या ताशी एकशे नव्वद मैलांच्या वेगानं एकमेकींना चिकटून धावत होत्या. त्यांतली निळी, सतरा नंबरची गाडी त्याची मुलगी उर्वी चालवत होती.

स्टॉक कारच्या ड्रायव्हरला मान वळवता येत नाही. हेल्मेट पट्ट्यांनी आवळलेलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना सीटचे पंख, खिडकीला जाळी. मागचं थोडंफार आरशात दिसतं, शेजारचं जवळजवळ काहीच नाही. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरचा एक माणूस वर उभा राहून त्याला आजूबाजूचं सांगत असतो. त्याला स्पॉटर म्हणतात. उर्वीचा स्पॉटर पहिल्यापासून बाबाच होता. आठव्या वर्षी कुणाच्या तरी बर्थडे पार्टीत ती गो-कार्टमध्ये बसली, तेव्हा कठड्याबाहेरून ओरडून सांगणारा तोच होता. आता ती तेवीस वर्षांची होती, नॉर्थ कॅरोलिनातल्या एका छोट्या टीमसाठी गाडी चालवत होती, आणि तो उत्तरेकडच्या ईडन प्रेरी गावात राहून, सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून दर शुक्रवारी विमान पकडत होता. उर्वीची आई राधिका मात्र शर्यतींना येत नसे. एकदा लेकीची गाडी तीन कोलांट्या खाताना तिनं पाहिली होती, ते तिला पुरलं होतं.

दोघं रेडिओवर मराठीत बोलायचे. सगळ्या टीम एकमेकांचे रेडिओ ऐकतात. इंग्रजीत आखलेला डाव दुसऱ्या क्षणी सगळ्यांना ठाऊक होतो. मराठी कुणाला कळत नव्हती. आतल्या बाजूला गाडी असेल तर 'आत', भिंतीकडे असेल तर 'बाहेर', आणि कुणीच नसेल तर 'मोकळं'. ह्या शेवटच्या शब्दाबद्दल एक कडक नियम होता आणि तो उर्वीनं तेराव्या वर्षी घातला होता. 'मोकळं नाही' असं कधीच म्हणायचं नाही. तिचं म्हणणं होतं की मराठीत नाही शेवटी येतं, आणि ते येईपर्यंत ती वळलेली असते. गाडी असली की नुसतं 'आत' किंवा 'बाहेर'. दहा वर्षांत सुशांतनं तो नियम एकदाही मोडला नव्हता.

त्याच्या डावीकडे दहा फुटांवर रॉय टॉलिव्हर उभा होता. रॉय हा साठ नंबरच्या नारिंगी गाडीचा स्पॉटर आणि ती गाडी चालवणाऱ्या वेड टॉलिव्हरचा धाकटा भाऊ. वेड सेहेचाळीस वर्षांचा, ह्याच जिल्ह्यातला. त्याचं नाव पुकारलं गेलं की हॅचर्स गॅपचं अख्खं स्टँड उठून उभं राहायचं. एप्रिलमध्ये व्हर्जिनियातल्या एका लहान ट्रॅकवर उर्वीनं त्याला आतून मागे टाकलं, तेव्हा पुढच्या सरळ पट्ट्यावर त्यानं तिच्या मागच्या चाकाला मुद्दाम धडक दिली होती. ती तोंडावर भिंतीत गेली. तीन बरगड्या आणि डावं मनगट. वेड टीव्हीवर म्हणाला होता की पोरीला आपण कुठे खेळतोय ते कळायला हवं. त्याला एका शर्यतीची बंदी झाली. उर्वीच्या मनगटात प्लेट बसली आणि ती जुलैत परतली. त्या दिवसापासून सुशांत रॉयशी एक शब्द बोलला नव्हता.

शर्यत सुरुवातीपासूनच मारामारीची होती. एवढ्या वेगात एकटी गाडी मागे पडते, म्हणून सगळे घोळक्यात राहतात आणि पुढच्याला बंपरनं ढकलतात. धक्का सरळ बसला तर दोघांचा वेग वाढतो, तिरका बसला तर पुढचा गेला. साठाव्या फेरीत एक तिरका बसला. तिसऱ्या क्रमांकावर धावणारी गाडी आडवी झाली आणि मागच्या नऊ तिच्यावर येऊन आदळल्या. पत्रे फाटल्याचा आवाज छपरापर्यंत आला. पांढऱ्या धुरात समोरचं काही दिसेना. उर्वी त्या धुराच्या तोंडाशी होती.

"पाय उचलू नकोस," सुशांत म्हणाला. "खाली. अजून खाली. सरळ."

ती धुरात शिरली. तुटलेलं एक चाक तिच्या काचेवरून उडत गेलं. एक गाडी उताणी होऊन उलट दिशेनं घसरत आली आणि तिच्या दाराला चाटून गेली. ती पलीकडून बाहेर पडली तेव्हा उजवा आरसा नव्हता आणि दाराचा पत्रा सोललेला होता. रेडिओवर तिचा श्वास ऐकू येत होता. मागे तीन ड्रायव्हर आपल्या पायांनी बाहेर आले, चौथ्याला छत कापून काढलं. त्याचा एक हात खांद्यापासून उलटा लोंबत होता. स्टँडमधले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ट्रॅक साफ करून शर्यत पुन्हा सोडली तेव्हा उर्वी सातवी होती. नंतरच्या चाळीस फेऱ्या तिनं ढकलत आणि ढकलून घेत काढल्या. वेडनं दोनदा तिला मागून गाठलं आणि दोन्ही वेळा इतक्या जोरात बंपर लावला की सुशांतला वरून तिच्या गाडीचं मागचं टोक उचललेलं दिसलं. दुसऱ्या वेळी तिची गाडी आडवी होता होता राहिली. रॉय आपल्या रेडिओत हसल्याचं सुशांतनं ऐकलं. सुशांतनं पाण्याची बाटली उचलली आणि न पिता खाली ठेवली.

शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा उर्वी पहिली होती.

ती आतल्या रांगेत पुढे होती आणि एक पांढरी गाडी तिला मागून रेटत होती. बाहेरची रांग मागे पडली होती. चौथ्या वळणातून बाहेर पडल्यावर तिला वर, भिंतीकडे सरकून ती रांगही अडवायची होती. तसं केलं की शर्यत तिची. त्यासाठी तिला फक्त एक शब्द हवा होता. सुशांतनं दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या उजवीकडे, भिंतीच्या बाजूला, त्याला नुसता डांबराचा पट्टा दिसला.

"मोकळं," तो म्हणाला.

आणि पांढऱ्या गाडीच्या मागून नारिंगी नाक बाहेर आलं. वेडला मागून जबरदस्त रेटा मिळाला होता आणि तो भिंतीलगत गोळीसारखा सुटला होता. साठ नंबर.

"नाही," सुशांत म्हणाला.

निळी गाडी आधीच वर गेली होती. तिचा उजवा मागचा भाग वेडच्या दाराला लागला आणि वेड भिंतीवर घासला गेला. ठिणग्यांचा लांब पट्टा उठला. भिंतीनं त्याला परत फेकलं, गाडी आडवी झाली, तिच्याखाली हवा शिरली आणि दीड टनाचं ते धूड पत्त्यासारखं उचललं गेलं. हवेतच ते उलटं झालं आणि छतानं कुंपणाच्या जाळीवर आदळलं. लोखंडी खांब वाकला. इंजिन सुटून गवतावर लोळत गेलं. उरलेली गाडी ट्रॅकवर पडली, आणि पडते न पडते तोच मागून येणारी एक हिरवी गाडी थेट तिच्या पुढच्या भागात घुसली. मग पेट्रोल पेटलं.

उर्वी गाडी सावरत, डोलत, सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडून गेली होती. ती जिंकली होती.

"बाबा, मागे काय झालं?" तिनं विचारलं. "बाबा? कोण आहे?"

सुशांतला उत्तर देता आलं नाही, कारण तेवढ्यात रॉयनं त्याच्या हेडसेटला धरून त्याला मागे ओढलं होतं. पहिला ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सुशांतला आतून ऐकू आला. दुसरा ओठांवर, आणि तोंडात दातांचे तुकडे आले. रॉय काय ओरडत होता ते त्याला नीट कळलं नाही, फक्त 'त्याला मारलंत' एवढं पुन्हा पुन्हा. तो कठड्यावर आपटला. रॉयनं त्याच्या बरगडीत गुडघा घातला. आयुष्यात कुणावर हात न उगारलेल्या सुशांतनं तेव्हा गळ्यातली दुर्बीण मुठीत धरली आणि सगळ्या ताकदीनं रॉयच्या कपाळावर मारली. कातडी फाटली, रॉयच्या डोळ्यांत रक्त उतरलं. सुशांतनं पुन्हा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बाकीच्या स्पॉटरांनी दोघांना धरून ओढलं. त्याला ओढून नेत असतानाही तो दुर्बीण सोडत नव्हता.

खाली उर्वी गाडी सोडून उलट दिशेनं धावत आगीपर्यंत गेली होती. अग्निशामक दलाच्या लोकांनी वेडला बाहेर काढायला चार मिनिटं घेतली. त्या चार मिनिटांतलं बरंचसं तिनं ऐकलं. वेड शुद्धीवर होता.

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोन्ही हात कोपरांपर्यंत भाजले होते. आठवडाभर तो वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. मग वाचेल असं सांगू लागले.

त्या आठवड्यात लोकांनी आपला निकाल देऊन टाकला होता. एप्रिलचा व्हिडिओ आणि ऑक्टोबरचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून लाखो लोकांनी पाहिले. मुलीनं सूड घेतला, आणि तोही त्याच्या घरच्या ट्रॅकवर. उर्वीच्या अपार्टमेंटखाली लावलेल्या गाडीच्या काचा कुणीतरी बॅटनं फोडल्या. टीमच्या वर्कशॉपच्या दारावर मेलेलं हरीण टाकलं. सुशांतच्या ऑफिसच्या ईमेलवर त्याच्या बायकोचं नाव आणि घराचा पत्ता घालून पत्रं आली. राधिकानं ती वाचली आणि पोलिसांना फोन केला. मग ती नवऱ्याच्या सुजलेल्या तोंडासमोर बसली. सगळं झाल्यावर उर्वीला घरी आण, एवढंच तिनं त्याला सांगितलं.

शर्यतींच्या ह्या मालिकेच्या शिस्त समितीनं चौकशी लावली. मुद्दाम केलं असं ठरलं तर उर्वीचं लायसन्स कायमचं जाणार होतं आणि प्रकरण सरकारी वकिलाकडे जाणार होतं. समितीकडे रेडिओचं रेकॉर्डिंग होतं, पण ते मराठीत. बापलेकीचं भाषांतर चालणार नव्हतं. म्हणून न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या शोभना घैसास यांना व्हिडिओवर बोलावलं. शोभनाताईंचं वय बहात्तर. तीस वर्षं त्यांनी कोर्टात दुभाषी म्हणून काम केलं होतं. पांढऱ्या केसांची, चष्मा नाकावर उतरलेली ती बाई पडद्यावर दिसली तेव्हा सुशांतला क्षणभर बरं वाटलं.

समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी शेवटच्या दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग लावलं. इंजिनांच्या गोंगाटातून सुशांतचा आवाज आला. शोभनाताईंनी ते तीनदा ऐकलं.

"दोन शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "मोकळं नाही. म्हणजे, रस्ता मोकळा नाही."

उर्वीनं बाबाकडे पाहिलं. तिला दुसरा शब्द त्या दिवशी ऐकू आलाच नव्हता. पत्र्याचा आवाज तेवढा आला होता. अध्यक्षबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिला विचारलं की तुमच्या स्पॉटरनं मोकळं नाही असं स्पष्ट सांगितल्यावरही तुम्ही वर का सरकलात.

भाषांतर अचूक होतं. सुशांतला ते तिथे बसल्या बसल्या उमगलं. त्या दोन शब्दांनी तो सुटत होता आणि मुलगी अडकत होती. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

तो उभा राहिला. शिवलेल्या ओठामुळे त्याचे शब्द जड येत होते. दुभाषीबाईंना एक प्रश्न विचारायची त्यानं परवानगी मागितली. मराठी वाक्यात नाही कुठे येतं, एवढंच त्यांनी सांगावं.

"शेवटी," शोभनाताई म्हणाल्या. "इंग्रजीत नॉट आधी येतं. आमच्याकडे पूर्ण वाक्य ऐकेपर्यंत ते हो आहे की नाही हे कळत नाही."

मग सुशांतनं लॅपटॉप उघडला. आधीचे सहा दिवस त्यानं गाडीच्या स्टिअरिंगचा रेकॉर्ड आणि रेडिओचं रेकॉर्डिंग एकाच घड्याळावर आणण्यात घालवले होते. पडद्यावर दोन रेषा आल्या, वर त्याचा आवाज आणि खाली तिचे हात. 'मोकळं' संपल्यावर तीन दशांश सेकंदानं तिनं चाक वळवलं. आठ दशांशाला गाड्या एकमेकींना लागल्या. 'नाही' सुरू झालं ते नऊ दशांशाला. त्यानं नियमाबद्दल सांगितलं. तो शब्द नुसता आला म्हणजे वळायचंच, असं त्यांचं दहा वर्षांपूर्वी ठरलं होतं. तिनं सांगितलं तसंच केलं होतं. चूक त्याची होती.

अध्यक्षबाईंनी वरच्या रेषेतल्या दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग त्यांनी शोभनाताईंना विचारलं की ह्या दोन शब्दांच्या मध्ये माणूस साधारण किती थांबतो.

शोभनाताईंनी चष्मा काढला. त्यांनी सुशांतकडे पाहिलं, आणि त्यांना बोलायचं नव्हतं हे त्याला दिसलं.

"थांबत नाही," त्या म्हणाल्या. "एका दमात म्हणतात."

सुशांत म्हणाला की पहिला शब्द उच्चारल्यावर त्याला नारिंगी गाडी दिसली, आणि दुसरा शब्द उशिरा निघाला. समितीनं दोन तास चर्चा करून उर्वीला निर्दोष ठरवलं. सुशांतला सगळ्या ट्रॅकच्या छपरांवर जायला कायमची बंदी घातली. शर्यतीचा निकाल तसाच राहिला.

परतताना उर्वी गाडी चालवत होती. हायवेवर दुपारची गर्दी होती. मग समोर बघत तिनं विचारलं, "बाबा, तू मध्ये थांबलास का?"

सुशांतला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. सहा दिवस तो लॅपटॉपच्या पडद्यावर त्या दोन शब्दांमधला पांढरा, रिकामा पट्टा बघत बसला होता.

"थांबलो," तो म्हणाला.

"का?"

"साठ नंबर दिसला. दुसरी कुठलीही गाडी असती तर तोंडून 'बाहेर' निघालं असतं, तिथल्या तिथे. ठरवून केलं नाही, उर्वी. पण त्याला पाहिलं आणि तोंड उघडलंच नाही."

तिनं गाडी कडेला घेतली. ट्रक जवळून जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हादरत होती. तिनं स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या, मग वळून त्याच्या खांद्यावर, छातीवर मारू लागली. प्लेट बसवलेल्या मनगटानं मारत होती आणि प्रत्येक फटक्याला तीच कळवळत होती. मोडलेल्या बरगडीवर बसलं तेव्हा त्याचा श्वास अडकला, पण त्यानं हात मध्ये आणला नाही.

"तुझा राग होता ना?" ती म्हणाली. "मग माझे हात कशाला वापरलेस? मी ऐकलंय त्याला तिथे. आय हर्ड हिम, बाबा."

ती दार उघडून उतरली आणि रस्त्याकडेच्या गवतात ओकली. परत आल्यावर तिनं पाण्यानं तोंड धुतलं आणि ठरवून टाकल्यासारखं सांगितलं की हे वेडला सांगायचं, आणि समितीलाही लिहायचं. वकिलाला विचारावं लागेल, असं तो म्हणाला. तिनं गाडी सुरू केली.

वकिलानं अर्थातच नको म्हटलं. तरी सुशांतनं समितीला चार ओळी लिहिल्या. मग नोव्हेंबरच्या शेवटी उर्वी त्याला अलाबामाला घेऊन गेली. आत ती आली नाही. पार्किंगमध्ये बसून राहिली.

बर्मिंगहॅमच्या त्या हॉस्पिटलात वेड खिडकीपाशी पलंगावर टेकून बसला होता. दोन्ही हात बँडेजमध्ये, चेहऱ्याची एक बाजू गुलाबी आणि चकचकीत. रॉय शेजारी होता. त्याच्या कपाळावर दुर्बिणीची आडवी खूण होती. सुशांतला पाहून तो खुर्चीतून उठला, पण वेडनं त्याला बाहेर जायला सांगितलं. रॉय जाताना सुशांतच्या खांद्याला खांदा आपटून गेला.

सुशांतनं सगळं सांगितलं. मधला थांबा, साठ नंबर, एप्रिल. शेवटी वेडनं एकच विचारलं.

"तिला माहीत होतं?"

"नाही. तिला नंतर कळलं. तिनंच मला इथे आणलं."

वेडनं मान हलवली. मग हनुवटीनं पांघरुणाकडे खूण केली. "ते काढ. मला हातांनी काढता येत नाही."

सुशांतनं पांघरूण बाजूला केलं. गुडघ्याखाली पाय संपत होता. टाके अजून लाल होते, कातडी सुजलेली, मांडीवर भाजल्याच्या जागी दुसरीकडून काढलेल्या कातडीचे चौकोन. वास येत होता. सुशांतनं नजर वळवली तसा वेड म्हणाला, "बघ."

तो बघत उभा राहिला. किती वेळ ते त्याला नंतर सांगता आलं नाही. वेड खिडकीबाहेर पाहत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. उघड्या जखमेला हवा लागत असावी.

"व्हर्जिनियात मी तिला धडक मारली तेव्हा," वेड म्हणाला, "मला अख्खा सरळ पट्टा विचार करायला मिळाला होता. विचार करूनच मारली." तो थांबला. "ह्याचा अर्थ मी तुला माफ केलं असा नाही. झाक ते आणि जा."

सुशांतनं पांघरूण नीट घातलं. दारात रॉय उभा होता. तो बाजूला झाला नाही, त्यामुळे सुशांतला त्याच्या आणि चौकटीच्या मधून अंग चोरून जावं लागलं.

वेडनं खटला भरला नाही. पुढच्या हंगामात तो व्हीलचेअरवरून भावाच्या नव्या टीमच्या पिटमध्ये, गाड्या टायर-पेट्रोलसाठी थांबतात तिथे, दिसू लागला. उर्वीबद्दल पत्रकारांनी विचारलं की तो प्रश्न तोडून दुसरं काहीतरी बोलायचा. समितीकडून सुशांतला त्याचं पत्र मिळाल्याची पोच आली, बाकी काही नाही. नाक वाकडंच जुळलं. पुढचे दोन दात त्यानं बसवून घेतले.

उर्वी त्या हिवाळ्यात ईडन प्रेरीला आली नाही. आईला ती रोज फोन करायची, बाबाशी बोलायची नाही. टीमनं तिला नवीन स्पॉटर दिली. ती पन्नाशीची, पूर्वी स्वतः गाडी चालवणारी बाई होती. आता रेडिओवर इंग्रजी होतं. मार्चमध्ये पहिली शर्यत टीव्हीवर लागली तेव्हा सुशांतला घरात बसवेना. तो ड्राइव्हवेवरचा ओला, जड बर्फ फावड्यानं काढत राहिला, काढलेला पुन्हा काढला. आत राधिका इतक्या वर्षांनी पहिल्यांदा टीव्हीसमोर बसली होती. दोन तासांनी तिनं दार उघडून सांगितलं की उर्वी अकरावी आली, गाडीतून उतरली, चालते आहे.

मे महिन्यात त्याच्या फोनवर उर्वीचा मेसेज आला. गेल्या वर्षीचा टायरचा डेटा तुझ्याकडे आहे का, एवढंच त्यात होतं. सुशांतनं चार वर्षांचा सगळा पाठवला, प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल करून. तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाहिलं तर चौदाच्या चौदा फाइली तिनं उतरवून घेतल्या होत्या.